साहेब उभे होते, कारण तेच त्यांचं काम होतं

आज सकाळपासून तो व्हिडिओ ज्या त्या ग्रुपवर फिरतोय. दुकानाला आग लागलीय, दोन लाश्कर, म्हणजे आपले बंबवाले जवान, पाण्याचा होज घेऊन आत शिरतायत आणि रस्त्याच्या पलीकडे एक अधिकारी वॉकीटॉकी धरून उभा आहे. त्याच्याभोवती कुणीतरी लाल गोल काढलाय आणि खाली लिहिलंय, 'साहेब तो खाली जोवा आव्या छे.' साहेब नुसते बघायला आलेत म्हणे! हसणाऱ्यांत आपलीच बडोद्याची माणसं, दांडिया बाजारातली, रावपुऱ्यातली. बंबाची घंटा ऐकली की लहानपणी गॅलरीत धावणारी.

माझे बाबा बडोद्याच्या फायर ब्रिगेडमध्ये लाश्कर होते. त्यामुळे आज मी गप्प बसणार नाही.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या एका गोदामाची आग बाबा आम्हाला अनेकदा सांगायचे. पत्र्याचं छप्पर, ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, आत प्लॅस्टिकचे गठ्ठे. बाबा ब्रांच, म्हणजे होजचं तोंड, धरून आत होते, आग दबत आली होती, आणि बाहेरून साहेबांनी शिट्टी मारली. सगळे बाहेर! बाबांचा संताप झाला. हातातली आग सोडून कोण बाहेर येतं? शिव्या घालतच आले. थोड्या वेळात अख्खं छप्पर खाली बसलं. बाबा म्हणायचे, 'आम्ही आग बघत होतो, साहेब छप्पर बघत होते.'

साहेब आत असते तर छप्पर कुणी बघितलं असतं, सांगा मला.

लोखंड जळत नाही, म्हणून आपल्याला ते भरवशाचं वाटतं. पण ५५० अंशांच्या आसपास त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. कैच्या वाकायला लागतात, भिंतीला रेटा देतात. धुराचंही तसंच. तो दाट, काळा होऊन जोरात बाहेर फेकला जायला लागला की आतली खोली एकदम पेट घेण्याच्या बेतात असते. दाराच्या फटीतून हवा आत ओढली जाऊन धूर श्वास घेतल्यासारखा आतबाहेर करू लागला, की दार उघडणाऱ्याच्या अंगावर भडका येऊ शकतो. हे आत गुडघ्यावर रांगणाऱ्या माणसाला दिसत नाही, लांबून दिसतं. तेही शिकलेल्यालाच दिसतं. बाबांचे ते साहेब नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजात शिकून आले होते. १९५६ पासून देशाला फायर ऑफिसर देणारी ही संस्था आपल्या शेजारच्या राज्यात आहे, आणि आपल्या घरातल्या एकाही मुलाला तिचं नाव ठाऊक नसतं.

बरं, काही अधिकारी खरोखरच नुसते उभे असतात, मिरवायला येतात. आहेत तसे. मान्य. पुढे.

आता उलटी गोष्ट. नंतर एका आगीत चार्जवर असलेला माणूस स्वतःच ब्रांच घेऊन आत घुसला. शूर होता, त्यात वादच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण आत कोण गेलंय, कधी गेलंय, हे लिहून घेणारा दारात कुणी उरला नाही. पाठीवरचा बी.ए. सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचा सिलिंडर, कागदावर अर्धा तास चालतो, धावपळीत त्याहून बराच कमी. कुणाच्या सिलिंडरमध्ये किती हवा होती आणि त्याने किती वाजता बाहेर यायला हवं, हा हिशेब बाहेरच्याने ठेवायचा असतो. त्या दिवशी तो कुणीच ठेवला नाही. बाबाही आत होते. आई सांगते, बाहेर आले त्यानंतर रात्रभर खोकत होते. मी लहान होते, मला फक्त त्यांच्या शर्टाचा वास आठवतो.

म्हणून मला राग येतो. शौर्याला आपण हार घालतो, डोक्याला नाही. १४ एप्रिलला अग्निशमन दिन करतो, तो कशासाठी? १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली, पोटात दारूगोळा आणि कापूस. जहाज बुडवायचं की समुद्रात ओढून न्यायचं, यावर कॅप्टन, गोदीवाले, लष्करी अधिकारी यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलं नाही. ब्रिगेडचे लोक मात्र पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ब्रिगेडचे ६६ जवान गेले. धैर्य त्यांच्याकडे भरपूर होतं हो.

त्यानंतर जगाने धडे घेतले. १९७० च्या वणव्यांनंतर कॅलिफोर्नियात पद्धत बसवली गेली: घटनास्थळी हुकूम एकाचा, आणि एका माणसाच्या हाताखाली थेट पाच, फार तर सात जण. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २०१० मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शिका काढली. पण ती अंगात मुरायला सराव लागतो, आणि सरावाला बजेट नसतं. वय झालं, नोकरी झाली, घ्या चार्ज! होज कसा धरायचा हे आपण महिनोन् महिने शिकवतो आणि माणसं कशी सांभाळायची हे देवावर सोडतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा याच लोकांना हाका मारल्या होत्या ना आपण? बोट कुठल्या सोसायटीत आधी पाठवायची, गरोदर बाई की डायलिसिसवाले आजोबा, हा निर्णय कुणीतरी कुठेतरी उभं राहूनच घेतला असणार.

तेव्हा तो व्हिडिओ काढून टाका, आणि पुढच्या वेळी आग दिसली तर त्या उभ्या माणसाचा दंड धरून 'आत जा ना' असं ओरडू नका. आत कोण अडकलंय, गॅसचा सिलिंडर कुठे आहे, मेन स्विच कुठे आहे, एवढं त्याला सांगा. आणि गल्लीत लावलेली स्कूटर काढा.