‘प्रतिकारशक्ती वाढवा, गोळ्या सोडा’ : या फॉरवर्डला उत्तर

‘स्किझोफ्रेनिया मेंदूचा आजार नाही. प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होतो. गुळवेलीचा काढा सुरू करा, सूज उतरेल, गोळ्या बंद करा.’ हा मेसेज रुग्णांच्या घरच्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला एक धागा खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे.

खरा धागा असा. २०१४ साली सुमारे ३७ हजार रुग्णांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा सर्वांत ठळक खूण सापडली सहाव्या गुणसूत्रावर, प्रतिकारशक्तीची जनुकं असलेल्या भागात. २०१६ मध्ये त्यातलं एक जनुक नेमकं हाती लागलं : सी४. या जनुकाचं प्रथिन एरवी जंतूंवर खूण करतं, म्हणजे संरक्षक पेशी त्यांना गिळतात. उंदरांच्या वाढत्या मेंदूत मात्र तेच प्रथिन चेतापेशींमधल्या जोडण्या छाटायला मदत करताना दिसलं. आणि माणसांत सी४ए हा प्रकार जितका जास्त, तितका आजाराचा धोका जास्त.

म्हणजे ‘कमी पडल्याने’ हे उलटंच आहे. शिवाय छाटल्या जातात त्या जोडण्या मेंदूतल्याच, मग ‘मेंदूचा आजार नाही’ हे कशाच्या आधारावर?

गुळवेल निरुपद्रवी आहे असंही समजू नका. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ती घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. इजेचं स्वरूप प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तसं होतं.

‘सूज उतरली की आजार बरा’ हेही तपासून झालंय. मिनोसायक्लिन हे सूज कमी करणारं प्रतिजैविक ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक रुग्णांवर वर्षभर वापरून पाहिलं. २०१८ चा निष्कर्ष : नुसत्या खोट्या गोळीपेक्षा काहीही जास्त फायदा नाही.

एक अपवाद घरच्यांना माहीत हवाच. भ्रम अचानक सुरू झाले आणि सोबत फिट, ताप, तोंडाच्या विचित्र हालचाली असतील, तर तो स्वप्रतिपिंडांमुळे (स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांमुळे) होणारा मेंदूदाह, म्हणजे मेंदूला येणारी सूज, असू शकतो. २००७ मध्ये ओळखला गेलेला हा आजार वेगळा. त्यावर स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) लागू पडतात. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे लगेच न्या.

राहिल्या गोळ्या. त्या मनाने बंद केल्या की आजार पुन्हा उफाळण्याचा धोका कितीतरी वाढतो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल तर सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात, कारण ते औषध क्वचित त्याच पेशी घटवतं. मधेच ताप आला किंवा घसा धरला, तर काढ्यावर थांबू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि रक्त तपासा.