मजुराच्या नावाची नोंद नसते, हे साफ खोटं आहे

खानदेशातल्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज परवा माझ्या मावशीपर्यंत पोचला. त्यात लिहिलंय की भूमिहीन मजुरांच्या पूर्वजांची सरकारदरबारी नोंदच नसते, होती ती इंग्रजांनी जाळली, मोडी लिपीतले जुने कागद फक्त वतनदारांचे असतात. तेव्हा आडनाव कळवा, पैसे भरा, एकवीस पिढ्यांची वंशावळ घरपोच मिळेल. मावशीचे वडील अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. तिने फोनवर विचारलं, "मना बापनं नाव कोठेच नही शे का रे?" म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न आणणाऱ्यांचा मला संताप आला आहे.

सातबारा जमिनीचा असतो, माणसाचा नाही. जन्माला यायला आणि मरायला शेत लागत नाही. गावोगावी जन्म-मृत्यूची नोंदवही असायची, गाव नमुना 14. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तारीख, बापाचं नाव, जात आणि मृत्यू असेल तर त्याचं कारण. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचं पोरही त्यात येतं, पाटलाचंही. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून नेमलेल्या शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून हीच पुस्तकं बाहेर निघाली. मग मजुराची नोंद नाही, हे कोणत्या तोंडाने सांगता?

ती सापडत नाही याचं कारण वेगळं आहे. जन्म बारशाआधी नोंदवला जाई, म्हणून बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच. अमक्याला मुलगा झाला, एवढंच. आजोबांचं नाव सांगून शोधाल तर कारकून प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल. पणजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल द्या, मागची-पुढची चार-पाच वर्षंही पाहायला सांगा. आजोबा पहिलीपर्यंत जरी शिकले असतील, तरी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख आणि जात मिळते. ती घेऊन मग कोतवाल बुकाकडे जा.

गिरणी बंद पडली म्हणजे कामगार पुसला गेला, असंही नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. तो सुरुवातीला ज्या सहा उद्योगांना लागू झाला, त्यांत कापड होतं. घरातल्या ट्रंकेत पीएफची जुनी चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा खाते क्रमांक जपून ठेवा.

इंग्रजांनी सगळं जाळलं म्हणे! मग जात पडताळणीला स्वातंत्र्यापूर्वीचे उतारे रोज कुठून येतात?

मोडीबद्दल अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जुनी पुस्तकं मोडीत आहेत आणि वाचणारा शोधावा लागतो. बायकांची नावंही पुष्कळदा गाळलेली असतात, "अमक्याची बायको" इतकंच लिहिलेलं. पण त्यातून एकवीस पिढ्या कशा निघतील? मजुराच्या घरात कागदावर चार-पाच पिढ्या लागल्या तरी खूप झालं. आणि नुसत्या आडनावावरून तर काहीच कळत नाही. आपल्याकडे पाटील लेव्यांत आहेत, मराठ्यांत आहेत, गुजरांत आहेत, कोळ्यांतही आहेत.

नोंदीच्या नकलेसाठी अर्ज कराल त्यात जुना पत्ता लिहा. 1906 पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता, त्यानंतर पूर्व आणि पश्चिम झाले. धरणगावकडच्या माणसाने जुन्या नोंदींसाठी तालुका एरंडोल धरावा. नक्कल सही-शिक्क्याची मागा, आणि त्या मेसेजमधल्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका.