चालू होत नाहीये, बघ ना जरा

कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणाऱ्या माणसाच्या नशिबी एक वाक्य कायमचं लिहिलेलं असतं: ‘चालू होत नाहीये, बघ ना जरा.’ नेमकं काय चालू होत नाहीये, ते या वाक्यात कधीच नसतं. दिवाच लागत नाही, दिवा लागतो पण चित्र येत नाही, चित्र येतं पण विंडोज येत नाही, विंडोज येतं पण इंटरनेट येत नाही, या चारही रोगांना घरोघरी हे एकच नाव आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: बटण दाबल्यावर काय होतं? उत्तरही ठरलेलं: काहीच होत नाही. जरा खोदून विचारलं की कळतं, ‘काहीच नाही’ म्हणजे पंखा फिरतो, निळा दिवा लागतो, आतून तीनदा बीप वाजतं आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ची पाटी इकडून तिकडे हिंडत असते. इतकं सगळं होत असेल तर निम्मं निदान तिथेच झालं.

उरलेलं निम्मं अवघड, कारण त्यात माणसं येतात. आपल्या मशीनला साधं काही झालंय हे कुणालाच पटत नाही. ‘मदरबोर्ड उडाला’, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटीच गेली, असं म्हटलं की घरात एक प्रकारचं गांभीर्य पसरतं. ‘वायर ढिली होती’ म्हटलं की सगळे तुमच्याकडेच संशयाने बघतात. आता वस्तुस्थिती अशी की वायर, वीज, धूळ आणि उष्णता एवढी चार नावं संपेपर्यंत मदरबोर्डचं नाव काढायचंही कारण नसतं. पण चौकशीची सुरुवात नेहमी शेवटच्या संशयितापासून होते.

वायरीचंच घ्या. कॅबिनेटच्या मागे जाणारी तीन पिनांची जाड वायर पाच मिलिमीटर बाहेर सरकली तरी बसल्यासारखीच दिसते. तिच्या शेजारी एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, स्वतःचा खटका असतो, त्यावर एक उभी रेघ आणि एक गोल. गोलाकडची बाजू दबलेली असेल तर मशीन बंद. साफसफाईच्या उत्साहात हा खटका हमखास दाबला जातो आणि पुढचे दोन तास मदरबोर्डच्या मृत्यूची चर्चा होते. सॉकेट तपासताना आणखी एक फसगत. ‘मोबाईलचा चार्जर लावला, तो चालला, म्हणजे सॉकेट चांगला.’ चार्जरला लागतात दहा-वीस वॅट. सैल झालेला सॉकेट तेवढे देतो आणि कॉम्प्युटरने दोन-तीनशे वॅट मागितले की मान टाकतो. प्लग काढून पिनांवर बोट फिरवा. गरम लागल्या किंवा प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं, तर तो सॉकेट त्या क्षणापासून बाद.

सॉकेट ठीक आणि तरीही शुकशुकाट, तर एसएमपीएस. याची क्लिप लावायची चाचणी प्रसिद्ध आहे, पण ती अर्धवटच सांगितली जाते. आधी मुख्य वीज काढायची. मग मदरबोर्डमधून 24 पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा छोटा, दोन्ही काढायचे. मोठ्या कनेक्टरवर हिरवी वायर एकच असते. कागदाची क्लिप वाकवून तिचं एक टोक हिरव्यात आणि दुसरं कुठल्याही काळ्यात घालायचं. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर 16 नंबरची पिन, आणि ती अंदाजाने नाही, आकृती समोर ठेवून शोधायची. मग वीज द्यायची. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत आहे, एवढंच सिद्ध झालं. तब्येत कळायला व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लागतो: पिवळ्या वायरीवर 11.4 ते 12.6 व्होल्ट, लालवर 4.75 ते 5.25, केशरीवर 3.14 ते 3.47. हे आकडे बरोबर येऊनही एसएमपीएस नादुरुस्त असू शकतो, कारण रिकाम्या हाताने सगळेच ताठ उभे राहतात. ओझं पडलं की कळतं. आणि काहीही झालं तरी एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही काही काळ तीनशेच्या वर व्होल्ट बसून असतात, आणि ते तुमच्या कुतूहलाची कदर करत नाहीत.

पंखा फिरतो पण चित्र नाही, हा प्रकार मला सर्वात आवडतो, कारण यात निम्म्या वेळा एक केबल या भोकातून काढून त्या भोकात घालायची असते. चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डात हवी. ती कॅबिनेटच्या मागे खाली, आडव्या रांगेत असते. वर मदरबोर्डवरही अगदी तसंच एचडीएमआयचं भोक असतं, दिसायला जवळचं, हाताला सोपं आणि बऱ्याचदा निरुपयोगी. मॉनिटरला इनपुट कुठलं दिलंय तेही बघायचं. डिस्प्ले पोर्टला केबल लावून एचडीएमआयवर वाट बघत बसलेला मॉनिटर कितीही दिवस वाट बघू शकतो.

यानंतर रॅम, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये उभी बसणारी मेमरीची पट्टी. इथे घाई करायची नाही. वीज काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्लॉटच्या टोकाच्या खिट्ट्या उघडा आणि पट्टी सरळ वर ओढा. तिच्या सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने, वरून खाली एकाच दिशेने फिरवा. हे काम स्लॉटपासून लांब करा, नाहीतर पट्टीवरचा मळ जाईल आणि स्लॉटमध्ये खोडरबराचा चुरा जाईल. नंतर नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा आणि वाळू द्या. पट्टी परत बसवताना खाच जुळवा. दोन्ही टोकांना अंगठे ठेवून दाबा, खिट्टी ‘खट्’ वाजेपर्यंत. या खटच्या आधी एक क्षण असा येतो की मदरबोर्ड किंचित वाकतो आणि आपला जीवही. तिथेच बहुतेक लोक हात काढून घेतात, आणि पट्टी एका बाजूने अर्धा मिलिमीटर वर राहते. पुन्हा चित्र नाही, पुन्हा मदरबोर्डचा शोक.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघायची. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये, तरीही बोर्डाच्या पुस्तिकेत एकदा खात्री करून. मग दुसरी, त्याच स्लॉटमध्ये. बीप किती वाजले ते लिहून ठेवा, कारण प्रत्येक बायोसवाल्याची (बायोस म्हणजे मशीनला उठवणारा बोर्डावरचा प्रोग्राम) बीपची भाषा वेगळी असते आणि ‘बरेचदा वाजलं’ असा कोड कुठल्याच पुस्तिकेत नसतो. डीडीआर5 या नव्या पिढीची रॅम नवी घातली किंवा जागा बदलली, तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळात रॅमशी जुळवून घेत असतो. नेमका याच वेळी कुणीतरी ‘हँग झालं’ म्हणून बटण दाबून ठेवतो आणि बोर्डाला पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो.

इथे माझा एक हट्ट आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे कुणालाही जमत नाही. लोक एका झपाट्यात रॅम काढतात, केबल बदलतात, सॉकेट बदलतात, वर कॅबिनेटला एक थाप मारतात. मशीन चालू होतं आणि घरात उत्सव होतो. काय बिघडलं होतं? कुणाला माहीत नाही. पुढच्या वेळी तेवढं सगळं पुन्हा, थापेसकट. श्रेय मात्र थापेला.

आता थापेची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच अंधश्रद्धा नाही. बरेचसे बिघाड दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे होतात. तिथे गंज किंवा ऑक्साइडचा पातळ थर चढतो. धक्का बसला की थर घासला जातो आणि संपर्क जुळतो. रिमोटमधले सेल जागच्या जागी गरगर फिरवले की रिमोट चालतो, त्याचं कारण हेच. सेल तेच, ताकद तेवढीच, फक्त स्प्रिंगचा मळ घासला गेला. पण स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर फिरवून भागत नाही. अल्कलाइन सेल गळलेला असतो. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर आलेलं असतं. हातमोजे घाला, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग अल्कोहोलने, मग वाळवा. फिरत्या हार्ड डिस्कला मात्र थाप कधीच नाही. तिच्या चकतीवरून डेटा वाचणारं डोकं केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावरून तरंगत असतं.

रिमोटच गेलाय की टीव्ही, हा वाद मोबाईलच्या कॅमेऱ्याने एका मिनिटात मिटतो. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करून बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा पडद्यावर फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा, मागच्याला फिल्टर कडक असतो. लुकलुकला तर दोष टीव्हीकडे. टीव्हीचा आवाज येतो आणि पडदा काळा, तर खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका मारायचा. पुसट हलणारी चित्रं दिसली तर पॅनेल शाबूत आहे, मागचा बॅकलाइट गेलाय. त्यात एलईडी ओळीने एकामागे एक जोडलेले असतात. एक तुटला की सगळी ओळ बंद. हा उपाय एलसीडी पॅनेलपुरता. ओएलईडीला बॅकलाइटच नसतो, तिथे टॉर्च घेऊन कितीही फिरलात तरी काही दिसायचं नाही.

राउटरबद्दल बोलताना मला आवाज थोडा चढवावा लागतो. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीस्टार्ट म्हणजे वीज काढा, तीस सेकंद थांबा, वीज द्या. थांबायचं अशासाठी की कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, आणि लगेच प्लग लावला तर राउटर धड झोपलेलाच नसतो. रीसेट म्हणजे मागच्या सुईएवढ्या भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबणं. त्याने वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि इंटरनेट कंपनीने दिलेलं लॉगिन, सगळं पुसलं जातं. ते लॉगिन कुणाकडेही लिहिलेलं नसतं. टाचणी घालणारा माणूस मात्र घरातला सर्वात उत्साही असतो. राउटर दिवसातून अनेकदा आपोआप बंद-चालू होत असेल तर टाचणीऐवजी अडॅप्टरकडे बघा. वर्षानुवर्षं गरम राहून त्यातला कपॅसिटर सुकतो, रिकाम्याला 12 व्होल्ट दाखवतो आणि भार आला की कोसळतो. नवीन अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या आतला ध्रुव प्लस की मायनस ते दोन्हीकडे छापलेलं जुळवून. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, असं नाही.

वायरलेस माउस अडखळतो तेव्हा सगळे सेल बदलतात. सेल बदलायच्या आधी त्याचा इवलासा रिसीव्हर कुठे खोचलाय ते बघा. निळ्या यूएसबी 3.0 पोर्टाशेजारी हार्ड डिस्क चालू असेल, तर तिच्या केबलमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि माउसचा रेडिओ त्यातच बोलत असतो. हे इंटेलनेच 2012 साली लिहून ठेवलंय. यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर हातभर लांब आणला की माउस सरळ चालतो.

तारीख रोज काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा CR2032 सेल बदलायचा. नवा तीन व्होल्टचा असतो. गंमत अशी की तक्रार तारखेची येतच नाही. ‘एकही वेबसाइट उघडत नाही’ अशी येते, कारण साइटच्या खरेपणाचं तारीखवार प्रमाणपत्र कॉम्प्युटरच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेलं नसतं.

दोन ठिकाणी मात्र मी थट्टा बंद करतो. हार्ड डिस्क टकटक करायला लागली की दुरुस्ती नाही, आधी बॅकअप. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणाऱ्याला नम्रपणे खोलीबाहेर काढावं, कारण बाहेर आणल्यावर आत दव धरतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट (SMART) रिपोर्टमध्ये 5, 197 आणि 198 क्रमांकांच्या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्क चाललीय. फक्त 199 वाढत असेल तर बऱ्याचदा डेटा केबल बदलून भागतं. दुसरं ठिकाण लॅपटॉपचं. टचपॅड दाबला जात नाही किंवा वर उचलला गेलाय, झाकण नीट मिटत नाही, असं झालं तर खालची बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता. चार्जर काढा, बंद करा, दाबून सपाट करू नका आणि टोचू तर अजिबात नका. जाणकाराकडून काढून घ्या.

आता जाणकाराकडे नेल्यावर मशीन गुपचूप चालू होतं आणि आपण खोटे पडतो, त्याबद्दल. यात मशीनचा खवचटपणा नसतो. नेताना धक्के बसून सैल रॅम जागेवर येते. पूर्ण थंड झाल्यामुळे गरम झाल्यावरच दिसणारा बिघाड लपतो, म्हणून तिथे अर्धा तास तरी चालू ठेवून बघायला सांगा. आणि सर्वात महत्त्वाचं, त्याने त्याची वायर, त्याचा अडॅप्टर, त्याचा मॉनिटर लावलेला असतो. खरा गुन्हेगार घरी टेबलामागे आरामात पडलेला असतो. तेव्हा कॅबिनेट उचलताना वायरीसुद्धा पिशवीत घाला, ज्यांच्यावर अजिबात संशय नाही त्या तर आधी.