दहा बाय दहाच्या खोलीत किलोभर केशर? आधी हिशोब मांडू

गेल्या दोन महिन्यांत एकच व्हिडिओ मला सात जणांनी पाठवला. बंद खोली, जांभळा उजेड, ट्रेमध्ये ओळीने उमललेली केशराची फुलं आणि खाली मजकूर: ‘माती नको, शेत नको. दहा बाय दहाच्या खोलीत हायड्रोपोनिक काश्मिरी केशर. १०० किलो कंदांतून एक किलो केशर, पाच लाख रुपये. वर्षातून दोन पिकं. खोली एकदा लावली की काम संपलं. कंद दरवर्षी दुप्पट होतात, म्हणजे खर्च एकदाच.’ सातवा पाठवणारा माझा आत्येभाऊ. सोबत त्याने लिहिलं होतं, ‘दादा, सोनं तारण ठेवतोय, तू फक्त हो म्हण.’

नाशिकला घराच्या मागच्या खोलीत मी दोन हंगाम केशर करून पाहिलंय. त्याला रात्री फोनवर जे सांगितलं, तेच इथे लिहितो. व्हिडिओतली फुलं खरी आहेत, हे आधीच मान्य करतो. माझ्याकडेही आली होती.

‘१०० किलो कंदांतून एक किलो केशर.’

एका फुलात तीन लाल तंतू असतात. ते वाळले की केशर. एक ग्रॅम केशराला साधारण १५० फुलं लागतात, म्हणजे किलोला दीड लाख. आता कंद मोजा. दहा ग्रॅमचा एक धरला, तर १०० किलोत १०,००० कंद बसतात. चांगल्या कंदाला एक ते तीन फुलं येतात, सरासरी दीड धरू. झाली १५,००० फुलं, म्हणजे १०० ग्रॅम केशर. व्हिडिओत सांगतात त्याचा दहावा हिस्सा. ग्रॅमला ५०० रुपये हातात पडले तरी ५०,००० होतात. मला कंद ८०० रुपये किलोने पडले होते. त्या भावाने नुसते कंदच ८०,००० चे झाले.

हाही हिशोब सगळे कंद दहा ग्रॅमचे असतील तरचा. आठ ग्रॅमच्या आतला कंद बहुतेक वेळा फूल देतच नाही, नुसती पानं काढतो. मी २५ किलो मागवले होते. पेटीचा वरचा थर छान टपोरा होता, खाली हात घातला तर लसणीच्या मोठ्या पाकळीएवढे कंद लागले. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्याचं उत्तर आलं नाही. त्या हंगामात फुलं आली सुमारे २,१००. पहाटे फूल पूर्ण उमलायच्या आत खुडायचं, पाकळ्या बाजूला करून तंतू चिमटीने उचलायचे आणि पांढऱ्या कागदावर पसरायचे. ओल्या तंतूंचं जवळजवळ ८० टक्के वजन वाळताना जातं. बायको आणि आई रोज सकाळी माझ्यासोबत बसायच्या. तीन आठवड्यांनी सगळं केशर सोनाराच्या काट्यावर ठेवलं, १४ ग्रॅम भरलं.

‘हायड्रोपोनिक.’

म्हणजे मातीशिवाय, खतं विरघळवलेल्या पाण्यावर झाड वाढवणं. पण फुलांच्या काळात केशराच्या कंदाला पाणी लावतच नाहीत. तो कोरड्या ट्रेमध्ये उभा असतो आणि पोटात साठवलेल्या अन्नावर फूल काढतो. ओल लागली की बुड कुजतं. पाण्यात विरघळवलेली खतं, पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा, साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये राखणं, हे सगळं पानं आल्यावर आणि मुळं सुटल्यावर कामाचं. व्हिडिओ त्या टप्प्यापर्यंत जातच नाही.

‘खोली एकदा लावली की काम संपलं.’

इथे जरा थांबतो, कारण लोकांचे पैसे इथेच अडकतात. कंदाच्या आत फुलाचा कोंब धरतो तो २३ ते २७ अंशांत, उन्हाळ्यात. फूल बाहेर यायला मात्र १७ अंशांच्या आसपासचा गारवा आणि ८० टक्क्यांच्या घरात आर्द्रता लागते. आपल्याकडे हे ऑक्टोबर हीटमध्ये जमवायचं असतं. एसी हवा गार करतो तशी कोरडीही करतो. ह्युमिडिफायर ती परत दमट करतो. दोघं एकाच खोलीत रात्रंदिवस एकमेकांविरुद्ध चालतात आणि मीटर पळत राहतो. घरगुती एसी सतत इतक्या खाली चालवला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. माझ्या एसीवर दुसऱ्याच आठवड्यात धरला. बर्फ वितळून पाणी खालच्या ट्रेमध्ये ठिबकलं आणि त्या ट्रेमधल्या अर्ध्या कंदांना हिरवट बुरशी आली.

ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर त्यातले क्षार पांढऱ्या पिठासारखे सगळीकडे बसतात, फुलांवरसुद्धा. आरओचं पाणी घ्यावं लागलं. आर्द्रता दाखवणारा मीटर मी दाराजवळ लावला होता, तो ७८ दाखवायचा. मागच्या कोपऱ्यातल्या खालच्या फळीवर तोच नेऊन ठेवला तर ९३. तिथे हवा हलतच नव्हती. दोन छोटे पंखे लावले, रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, तेव्हा कुठे आकडे जवळ आले. छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला थर्माकोल लावायला हवा होता, हे बिल आल्यावर कळलं. दिवसाला २५ युनिट आणि युनिटला दहा रुपये धरा, अडीच महिन्यांचे जवळपास १९,००० रुपये. लाइट गेली की खोली तासाभरात तापते, ते वेगळंच.

‘वर्षातून दोन पिकं.’

होत नाहीत. कंद वर्षातून एकदाच फुलतो. काश्मीरमध्येही एकदाच.

‘काश्मिरी केशर.’

काश्मीरच्या केशराला २०२० साली जीआय मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येतं. नाशिकच्या खोलीतल्या केशराला ते नाव लावणं कायद्यात बसत नाही. रंग, चव आणि वास तपासून घेतल्याशिवाय चांगला व्यापारी घेतही नाही, आणि १४ ग्रॅमसाठी तपासणी कोण करणार?

‘कंद दरवर्षी दुप्पट होतात.’

पैसे बुडवणारं वाक्य हेच आहे. संख्येने खरं, वजनाने खोटं. लावलेला कंद दरवर्षी मरतो आणि त्याच्या अंगावर नवी पिल्लं धरतात. ती भरतात पानांच्या जोरावर, नोव्हेंबरपासून पुढचे पाच-सहा महिने, भरपूर ऊन आणि कडक थंडी मिळाली तर. काश्मीरमधल्या पांपोरचे काही शेतकरी खोलीत ट्रे मांडतात ते खरं आहे. पण तिथला गारवा बाहेरून फुकट येतो, आणि फुलं खुडून झाली की तेच कंद परत शेतात जातात, करेवाच्या, म्हणजे तिथल्या पठारांच्या, जमिनीत. तिथे ते हिवाळाभर बर्फाखाली राहतात आणि वसंतात पानांवर पोसतात. फूल खोलीत आलं तरी कंद पिकतो शेतातच.

मी ते खोलीतच करायला गेलो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मापात खतपाणी, वर एलईडीच्या पट्ट्या रोज दहा तास. पानं आली, पण उंच, फिकट आणि लोळणारी. थोडे कंद अंगणात उघड्यावर लावले होते, ते खोलीतल्यांपेक्षा बरे भरले. पण मार्चच्या उन्हाने त्यांचीही पानं महिनाभर आधीच वाळली. मे महिन्यात कुंड्या उपसल्या. कंदांची संख्या दुपटीहून जास्त होती, पण बहुतेक दोन-तीन ग्रॅमचे. दुसऱ्या ऑक्टोबरात त्यांना १६२ फुलं आली. केशर एक ग्रॅम.

आत्येभावाने विचारलं, मग त्या विकणाऱ्याला नेमकं काय विचारू? त्याला सांगितलं, फुलांचे फोटो मागू नकोस. दोन वर्षं त्याच्याच खोलीत राहिलेले कंद मे महिन्यात काट्यावर ठेवून त्याने दाखवावेत, शंभर कंद, एकत्र. आठ ग्रॅमच्या वरचे त्यात किती निघतात ते तुझ्यासमोर मोजू दे. तोवर सोनं कपाटातच ठेव.