जॅकेटचं सोडा, बुटांचं बोला

दिवाळीच्या सुट्टीत चेकियातल्या प्रागला येणाऱ्या मराठी कुटुंबाच्या बॅगेतली सगळ्यात निरुपयोगी वस्तू म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारं ते फुगीर जॅकेट. नणंदेच्या मुलाने अमेरिकेहून आणलेलं, आजवर एकदाच मनालीला घातलेलं, अर्धी बॅग एकटं खाणारं. मी इथे राहते, त्यामुळे दसरा उलटला की ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, सगळे एकच विचारतात, "जाड जॅकेट लागेल ना गं?" बुटांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि ऑक्टोबरातलं प्राग माणसाला धरतं ते पायाकडून. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पोस्ट लांब आहे, पण पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवता येईल.

आपली कल्पनाशक्ती कुठे फसते तेही सांगते. बॅग भरली जाते ऑक्टोबर हीटमध्ये. बाहेर तेहेतीस अंश, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि मोबाईलवर दिसतं 'प्राग, ८ अंश'. त्या उकाड्यात बसून आठ अंश म्हणजे थेट सियाचीन वाटतं. प्रत्यक्षात इथे ऑक्टोबरात दुपारी साधारण १३-१४ आणि पहाटे ५ च्या आसपास असतं. नोव्हेंबर लागला की दुपारही दहाच्या घरात येते. निफाडकडच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल, कारण जानेवारीत तो याहून गार पहाटेला द्राक्षबागेत उभा असतो. फरक इतकाच की निफाडला दहा वाजता ऊन येऊन सगळं माफ करतं. इथे ते येईलच असं नाही. दिवसभर निफाडची सकाळ सात वाजल्यावरच अडकून पडली आहे असं समजा. एवढ्यासाठी हिमालयाची तयारी लागत नाही.

आता त्या जाड जॅकेटवर माझा राग का, तर दारांमुळे. इथे इमारतींचं हीटिंग सामायिक असतं आणि त्याचा सरकारी नियम आहे. हीटिंगचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ मे. त्या काळात सलग दोन दिवस सरासरी तापमान १३ अंशांच्या खाली गेलं आणि पुढेही चढायची चिन्हं नसली, की रेडिएटर गरम व्हायला लागतात. म्हणजे तुम्ही येता तेव्हा बाहेर आठ आणि आत बावीस. ट्रॅम, मेट्रो, कॅफे, म्युझियम, दुकान, पुन्हा रस्ता. दिवसातून वीस वेळा हा खेळ. आत स्वेटर, वर ते फुगीर प्रकरण, असं करून आलेल्या मावश्या मी मेट्रोच्या लांबलचक सरकत्या जिन्यावर घामाने निथळताना पाहिल्या आहेत. आणि घाम आला की आतली सुती बनियन ओली होते, सुती कापड लवकर वाळत नाही, मग बाहेर आल्यावर तेच ओलं कापड अंगाला चिकटून थंडी वाजवतं. पुढचे चार दिवस खोकला. दोष मात्र युरोपच्या हवेला.

त्यापेक्षा पातळ-पातळ तीन थर. आत थर्मल, तेही हलकं, जमलं तर लोकरीचं. मध्ये समोरून उघडणारा स्वेटर किंवा फ्लीस. समोरून उघडणारा हे महत्त्वाचं, कारण डोक्यातून काढायचा स्वेटर भरल्या ट्रॅममध्ये काढता येत नाही आणि काढलाच तर शेजारच्याच्या नाकावर कोपर बसतं. वरून वारा आणि पाऊस अडवणारं हुडीचं विंडचीटर. पावसाळ्यात हरिश्चंद्रगड, राजमाची करणाऱ्यांच्या घरात हे आधीच पडलेलं असतं. नवीन काही घेऊ नका, तेच धुऊन आणा. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील, थंडी सोसत नसेल, तर घडी करून पिशवीत मावणारं पातळ डाउन (पिसांचं) जॅकेट मधल्या थराला द्या. बाहेर घातलं, आत आल्यावर पर्समध्ये. आणि शाल! आपली साधी लोकरीची शाल इतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. गळ्याला, डोक्याला, विमानात पांघरायला, बाकावर बसताना खाली घालायला. घरात सत्कारात मिळालेल्या शालींचा ढीग असेलच, त्यातली एक इथे कामी येईल.

पावसाबद्दल मुंबईकरांना सांगणं अवघड असतं. प्राग पश्चिमेकडच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत आहे, माण-खटावसारखंच. वर्षभराचा पाऊस मुंबईच्या एका जोरदार जुलैपेक्षा कमी. पण शरदात तो भुरभुरतो. कोसळत नाही, थांबतही नाही. छत्री पुलावर उघडली की व्लतावा नदीवरचा वारा ती उलटी करतो आणि मग दोन्ही हात तिच्याशी झुंजण्यात जातात. डोक्यावर हुडी घ्या, हात मोकळे ठेवा.

आता मूळ विषय. दगड.

प्रागच्या जुन्या भागात डांबरी फुटपाथ शोधून सापडायचा नाही. सगळीकडे हाताने बसवलेले लहान चौकोनी दगड, पांढरे, करडे, कुठे लालसर, त्यांची नक्षी केलेली. हे दगड वाळूच्या थरावर ठोकून बसवतात. अजूनही गल्लीत गुडघे टेकून, हातोडी घेऊन काम करणारे कारागीर दिसतात. रस्त्यांना मोठे ग्रॅनाइटचे ठोकळे. दिसायला अप्रतिम. जुन्या नगर चौकात टाउन हॉलपाशी खाली बघितलंत तर या दगडांतच २७ पांढरे क्रॉस बसवलेले दिसतील. २१ जून १६२१ रोजी हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्ध बंड करणाऱ्या २७ जणांना तिथे मृत्युदंड दिला गेला. लोक मान वर करून टाउन हॉलवरच्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळाचे फोटो काढत असतात आणि पाय या क्रॉसवर असतात. एवढं तरी खाली बघा.

पण हेच दगड पातळ तळव्याच्या बुटातून एकेक मोजून घेता येतात. कॅनव्हासचे पांढरे शूज, इन्स्टाग्रामवर सगळ्यांच्या पायात असतात ते, इथे संध्याकाळपर्यंत पायाचा भुगा करतात. शिवाय दगड गार असतो. घड्याळाच्या खाली तास पडायची वाट बघत पंधरा मिनिटं उभं राहिलं की तळव्यातून थंडी वर चढायला लागते, मग वरचं जॅकेट कितीही महागाचं असो. टाच असलेली चप्पल तर दोन दगडांच्या फटीत रुतते. इथे शिवराळ माणसाला 'फरशी बसवणाऱ्यासारखा शिव्या देतो' असं म्हणतात. टाच अडकली की आपल्यालाही ती कला आपोआप अवगत होते.

पाऊस पडून गेला की हे दगड साबण लावल्यासारखे होतात, कारण शेकडो वर्षांच्या पावलांनी ते गुळगुळीत झालेत. त्यावर लिंडन आणि चेस्टनटची गळलेली पानं. पेट्रिन टेकडीच्या उतारावर, नेरुदोव्हा रस्त्याच्या चढावर, किल्ल्यावरून उतरणाऱ्या जुन्या पायऱ्यांवर ऑक्टोबरात हमखास कुणीतरी घसरतं. म्हणून जाड रबरी तळ, खाचा असलेला, घोट्याला आधार देणारा, पाणी आत न घेणारा बूट. आणि नवा कोरा अजिबात नको. निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेला बूट पहिल्याच दिवशी चावतो आणि उरलेली सहल हॉटेलच्या बाथटबमध्ये पाय बुडवून काढावी लागते. महिनाभर आधी घ्या, पर्वतीवर चढून-उतरून वापरा, जाड मोज्यांसकट वापरा. मोजे एकावर एक दोन घालू नका. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात. लोकरीचा एकच मोजा पुरतो. विमानात हेच बूट पायात घालून या, तेवढंच बॅगेचं वजन वाचतं, फक्त पाय सुजतात म्हणून नाड्या सैल सोडा.

गंमत म्हणजे बुटांकडे दुर्लक्ष करून आपण येतो कुठे, तर बाटाच्या देशात. आपल्यातल्या निम्म्या लोकांना अजून बाटा भारतीय कंपनी वाटते, कारण शाळेचे काळे बूट तिथलेच. टोमाश बाट्या नावाच्या माणसाने १८९४ साली झ्लिन गावात भावंडांबरोबर ती सुरू केली. कोलकात्याजवळचं बाटानगर उभं राहिलं १९३० च्या दशकात. व्हेन्सेस्लास चौकात त्यांची १९२९ सालची काचेची उंच इमारत आहे, आजही बघायला जातात लोक. बूट विसरलात तर तिथे मिळतील, पण मग ते चावतील, वर लिहिलंच आहे.

बॅगेचंही दगडांमुळेच. चार चिमुकल्या चाकांची मोठी सुटकेस विमानतळाच्या फरशीवर बोटाने ढकलता येते. जुन्या शहरात तिचा असा खडखडाट होतो की अख्खी गल्ली खिडकीत येते, आणि एखादं चाक तिथेच राहतं. दोन मोठ्या चाकांची लहान बॅग, नाहीतर पाठीवरची सॅक. जुन्या इमारतीत लिफ्ट नसणं हे अगदी नेहमीचं, आणि इथला तिसरा मजला आपल्या हिशेबाने कधीकधी चौथाही निघतो. घरी भरलेली बॅग स्वतः उचलून दोन मजले चढून बघा. नवऱ्याला उचलायला लावू नका, स्वतः. दोन किलो कपडे आपोआप बाहेर येतील. आतले कपडे रात्री धुऊन रेडिएटरवर टाकले की सकाळी कडकडीत वाळतात, त्यामुळे दहा दिवसांना दहा जोड हा हिशेब इथे लागूच नाही.

डोकं आणि कान राहिले. कानटोपी आणा, लाजू नका. इथले आजोबाच काय, कॉलेजची पोरंही घालतात. एक लक्षात ठेवा. किल्ल्यावरच्या सेंट व्हायटस कॅथीड्रलमध्ये (१३४४ ला पाया, १९२९ ला काम पूर्ण, आपल्या रखडलेल्या पुलांनी धीर धरावा) पुरुषांनी टोपी काढायची. ज्यू वस्तीतल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) पुरुषांनी डोकं झाकायचं. तिथे कानटोपीही चालते. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं लिहिली आहेत. तिथे जायच्या दिवशी 'आय लव्ह प्राग'वाला झगमगीत हुडी घालू नका एवढी माझी विनंती, नियम नाही. शनिवारी ते बंद असतं. आणि दगडी चर्च बाहेरच्यापेक्षा गार असतात, आत शिरताना थर काढायची घाई नको.

"साडी चालेल का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. चालेल म्हणजे काय, नेसाच. आत थर्मलची लेगिंग, लोकरीचे मोजे, तेच बूट, आणि साडी चार बोटं वर, नाहीतर फॉल सगळं ओलं झाडून घेतो. खरं तर नऊवारी आणि बूट ही जोडी या शहरासाठी आदर्श आहे, पण ऐकतं कोण. मात्र पैठणी चार्ल्स ब्रिजच्या गर्दीत, वाऱ्यात, फोटोपुरती काकडत नेसण्यात मला तरी मजा वाटत नाही. तिची खरी जागा थिएटरमध्ये आहे. मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी' या ऑपेराचा पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ ला याच गावात, एस्टेट्स थिएटरमध्ये झाला, स्वतः मोझार्टने संचालन केलं होतं. नदीकाठचं नॅशनल थिएटर १८८१ ला जळालं, लोकांनी पुन्हा वर्गणी काढली आणि १८८३ ला ते परत उघडलं. संगीत नाटकांच्या प्रांतातून आलेल्या माणसाने इथे एक संध्याकाळ द्यायलाच हवी. दारातच कोट जमा करून घेतात, आत छान ऊब असते, पैठणीचा पदर हवा तसा सोडता येतो. जीन्स घातली म्हणून कुणी हाकलत नाही. पण इथली माणसं नाटकाला नटून जातात, आणि जॉगिंगच्या बुटांकडे शेजारच्या आजी ज्या नजरेने बघतात ती मला आपल्या बालगंधर्वमधून ओळखीची आहे. एक जोड बरे, सपाट बूट यासाठी बॅगेत असू द्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर पावणेपाचलाच सूर्य मावळतो. संध्याकाळचे फोटो दुपारी काढावे लागतात, म्हणून हातमोजे असे घ्या की फोन चालवता येईल. ओठांना व्हॅसलीन. हीटिंगची हवा कोरडी असते, तिसऱ्या दिवशी ओठ फुटतात.

आणि फराळ. मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको. कस्टमवाल्याने पकडलं तर बॅग उघडून डबा कचऱ्यात जातो आणि ते बघवत नाही. चकल्या, चिवडा, कडबोळी यांना कुणी विचारत नाही. त्या फुगीर जॅकेटची जेवढी जागा रिकामी होईल तेवढ्यात पातळ पोह्यांचा चिवडा बसतो, मी मोजून बघितलंय. मला भेटणार असाल तर शेंगदाणे जास्त घाला.