शेवटच्या धावपटूपर्यंत पाणी पोहोचले पाहिजे

गेल्या रविवारी सकाळी उपवन तलावाच्या काठावर आमच्या धावण्याच्या गटाची बैठक झाली. येत्या हिवाळ्यात ठाण्यात आपणच एक हाफ मॅरेथॉन भरवावी, असे बरेच दिवस मनात होते आणि त्या दिवशी प्रथमच त्यावर सविस्तर बोलणे झाले. मार्ग, परवानग्या, टी-शर्टचा रंग, पदकाचा आकार हे सगळे होऊन विषय वेळमर्यादेवर आला, तेव्हा एका तरुण सदस्याने अडीच तासांचा कट-ऑफ सुचवला. त्याचे म्हणणे असे की त्यामुळे रस्ते लवकर मोकळे होतील, स्वयंसेवकांना ताटकळावे लागणार नाही आणि स्पर्धेचा दर्जाही राहील. बऱ्याच माना डोलल्या. मी तिथे दोनच वाक्ये बोलू शकले, म्हणून उरलेले इथे लिहीत आहे.

अडीच तासांत २१.०९७५ किलोमीटर म्हणजे दर किलोमीटरला सात मिनिटे आणि सहा सेकंद. तिशीतल्या, नियमित सराव करणाऱ्या मुलाला हा वेग विशेष वाटणार नाही. मी एक्कावन्न वर्षांची आहे, बँकेत दिवसभर खुर्चीवर बसून काम करते आणि धावण्याचे बूट पहिल्यांदा सेहेचाळिसाव्या वर्षी घेतले. माझी आजवरची सर्वांत चांगली हाफ दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांची आहे. पाच वर्षे येऊरच्या चढावर आणि उपवनच्या फेऱ्यांमध्ये घाम गाळून मिळवलेली ही वेळ आहे आणि मला तिचा अभिमान आहे. आमच्या गटातल्या पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक बायका माझ्याही मागे असतात. अडीच तासांची रेघ ओढली तर आम्ही सगळ्या तिच्या बाहेर राहतो.

‘दर्जा’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठी मला जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनविषयी लिहिले पाहिजे. ती माझी पहिली फुल, म्हणजे बेचाळीस किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन होती. त्या दिवशी मध्य रेल्वे कल्याणहून आणि पनवेलहून पहाटे तीनच्या सुमारास विशेष लोकल सोडते. साडेतीनच्या आसपास ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभी राहिले तेव्हा डब्यात आधीच डोंबिवली-कल्याणची मंडळी बसली होती. कोणी केळे सोलत होते, कोणी छातीवर बिब (धावपटूच्या क्रमांकाचा कागद) लावताना शेजाऱ्याकडे जास्तीची पिन मागत होते. एरवी याच गाडीत चौथ्या सीटवरून वाद होतात. त्या पहाटे एका अनोळखी मुलीने स्वतःहून सरकून मला जागा दिली आणि विचारले, “काकू, फुल का? पहिलीच?” मी हो म्हटल्यावर तिने तिच्याजवळची मिठाची एक पुडी माझ्या हातात ठेवली. त्या पुडीचे महत्त्व मला सहा तासांनी कळले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून आम्ही अंधारात निघालो. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी असे करत वांद्रे-वरळी सी-लिंकवर पोहोचेपर्यंत उजाडत आले होते. एरवी या पुलावर पायी चालायला बंदी असते आणि दुचाकीलाही प्रवेश नसतो. तिथे दोन्ही बाजूंना समुद्र, वर केबल्सची ती प्रचंड जाळी आणि कानावर केवळ हजारो बुटांचा आवाज. अशा वेळी स्वतःच्या वेगाचा विचार मनात येत नाही. आपण या शहराची कधी नव्हे इतक्या जवळून भेट घेत आहोत, एवढेच वाटते.

खरी गोष्ट पुढे माहीमच्या बाजूला घडली. मुंबईत हौशी धावपटू पहाटे पाचच्या सुमारास सुटतात, तर नामांकित आंतरराष्ट्रीय धावपटूंची शर्यत सातनंतर सुरू होते. त्यामुळे साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास ते मागून येऊन आम्हाला गाठतात. आधी पोलिसांच्या मोटारसायकली आल्या, आम्हाला कडेला राहायला सांगण्यात आले आणि मग इथिओपिया-केनियाच्या धावपटूंचा तो लहानसा घोळका आला आणि गेला. त्यांच्या पायांचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. २०२३ मध्ये हेले लेमी या इथिओपियाच्या धावपटूने ही शर्यत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत पूर्ण केली होती. म्हणजे किलोमीटरला जेमतेम तीन मिनिटे. मी त्याच रस्त्यावर किलोमीटरला आठ मिनिटे वीस सेकंद घेत होते. जगातले उत्तम धावपटू आणि ठाण्याची एक बँक कर्मचारी एकाच वेळी, एकाच डांबरावर, एकच अंतर धावत आहेत असे दुसऱ्या कोणत्या खेळात घडते? कसोटी सामना सुरू असताना मैदानाच्या कडेला आपल्याला बॅट घेऊन उभे राहता येत नाही. मॅरेथॉनचा दर्जा मला तिथे दिसला. आमच्या संथपणामुळे त्या शर्यतीला कमीपणा आला नव्हता. उलट आमच्यातल्या अनेकांनी थांबून टाळ्या वाजवल्या आणि त्या घोळक्यातल्या एकाने, इतक्या वेगात असतानाही, हात किंचित वर करून त्यांना उत्तर दिले.

तिसाव्या किलोमीटरनंतर काय होते ते पूर्ण मॅरेथॉन धावलेल्यांना ठाऊक असते. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली ऊर्जा साधारण दोन हजार किलोकॅलरींची असते आणि धावताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. माझ्या बासष्ट किलोंना बेचाळीस किलोमीटरसाठी सव्वीसशे लागतात. चरबी मदतीला असते, पण ती संथपणे जळते. वाटेत काही खाल्ले नाही तर पाय अक्षरशः ऐकेनासे होतात. त्यात वरळीपासून ऊन चढले. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, तो वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास परतीचा पेडर रोडचा चढ आला तेव्हा माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी थांबले.

कोणी मला सांगितले असते की तुमची वेळ संपली, गाडीत बसा, तर मी त्या क्षणी बसले असते. तसे झाले नाही. वैद्यकीय मदतीच्या टेबलावरच्या मुलाने पायावर स्प्रे मारला आणि मीठ मागताच मला ती सकाळची पुडी आठवली. इमारतीतून खाली उतरलेल्या एका आजींनी संत्र्याची फोड हातावर ठेवली. शिवाजी पार्कपासूनच लोक असे घरचे काही ना काही घेऊन रस्त्यावर उभे होते: बिस्किटे, केळी, चिक्की, लिंबू सरबत, स्टीलच्या डब्यात बर्फ. सकाळचे दहा वाजत आले तरी ते उभे होते, म्हणजे पुढचे हजारो धावपटू गेल्यावरही ते घरी परतले नव्हते. पाच तास बावन्न मिनिटांनी मी शेवटची रेघ ओलांडली. अकरा वाजून गेले होते. माझ्या गळ्यात पडलेले पदक चार तासांत आलेल्या माणसाच्या पदकासारखेच होते, आणि तिथल्या मुलीने ते घालताना माझे अभिनंदनही तितक्याच आपुलकीने केले.

आता दुसरा अनुभव. दोन वर्षांपूर्वी आपल्याच परिसरात मी एक हाफ धावले. कोणी भरवली होती ते महत्त्वाचे नाही, म्हणून नाव घेत नाही. दोन तास होताच पाण्याची टेबले आवरायला सुरुवात झाली. सोळाव्या किलोमीटरला रिकामे खोके आणि तुडवलेले पेले तेवढे उरले होते. अडीच तासांना वाहतूक सोडण्यात आली आणि आम्ही पन्नास-साठ जण डंपर आणि बसच्या मधून, दुभाजकाला चिकटून धावत राहिलो. साठीच्या एका गृहस्थांना दुभाजकावर बसून राहावे लागले. त्यांच्या दोन्ही पायांत क्रॅम्प होते आणि रुग्णवाहिका केव्हाच पुढे निघून गेली होती. मी आणि आणखी एका बाईंनी त्यांना धरून चहाच्या टपरीपर्यंत आणले. टपरीवाल्याने पाणी दिले, साखर-मीठ घालून दिले आणि पैसे घेतले नाहीत. शेवटी पोहोचलो तेव्हा पदके संपली होती. नोंदणीचे पैसे आम्ही सर्वांनी सारखेच भरले होते. त्या बाईंची ती पहिली स्पर्धा होती. त्यानंतर त्या धावल्या नाहीत.

या अनुभवात अपमान होता, पण मला अधिक चिंता वाटते ती जिवाची. शर्यतीत सर्वाधिक धोका पुढच्यांना असतो असा एक समज आहे, आणि व्यवस्थाही त्यांच्याभोवती उभी केली जाते. हळू धावणारा माणूस उन्हात अधिक वेळ राहतो. त्याचे वय बहुधा जास्त असते, त्याला रक्तदाबाची गोळी चालू असण्याची शक्यता जास्त असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीकडे घसरलेले आढळले. त्याला हायपोनाट्रेमिया म्हणतात. ज्यांचे वजन धावताना वाढले होते, म्हणजे ज्यांनी गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले होते, आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. म्हणून मागच्यांसाठी पाणी तर हवेच, पण त्याबरोबर मीठ, लिंबू सरबत, इलेक्ट्रोलाइट, काहीतरी खाण्यासारखे आणि माणसाचा चेहरा पाहून तो भ्रमला आहे का हे ओळखू शकणारा डॉक्टरही हवा. आपली शेवटची रुग्णवाहिका शेवटच्या धावपटूच्या मागे असली पाहिजे, त्याच्या पुढे नव्हे.

रस्ते अडवण्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. घोडबंदर रस्त्यावर रोज काय हाल होतात ते आपण सगळे भोगतो. रविवारीही कोणाला दवाखान्यात जायचे असते, कोणाची परीक्षा असते, रिक्षावाल्याचा धंदा बुडतो. पण यावर उपाय मागच्यांना हाकलणे हा नाही. पहाटे साडेचारला सुरुवात करता येते. एकच मोठा फेरा घेण्याऐवजी उपवन-वर्तकनगर भागात लहान फेऱ्या आखल्या तर अडणारा रस्ता कमी होतो आणि पाण्याची तीच टेबले पुन्हा पुन्हा वापरता येतात. नवी मुंबईतले आमचे मित्र पाम बीच रस्त्यावर दर रविवारी लाँग रन करतात. त्यांचे म्हणणे असे की तिथे एक बाजू धावपटूंना आणि एक बाजू वाहनांना दिली तर फारसा खोळंबा होत नाही, आणि ते मला पटते. शेवटच्या तासात एक मार्गिका शंकू लावून राखून ठेवली आणि मागच्यांना त्यातून आणले तरी पुरे. साडेतीन तासांचा कट-ऑफ म्हणजे ताशी सहा किलोमीटर, भराभर चालणाऱ्या माणसाचा वेग. तेवढा वेळ आपण नक्कीच देऊ शकतो.

आणखी एक गोष्ट बैठकीत बोलताना माझा आवाज भरून आला म्हणून राहून गेली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. मी तेव्हा शाळेत होते. त्या काळात आमच्या घरी, आणि आजूबाजूच्या बहुतेक घरांत, मुलीने रस्त्यावर धावणे ही कल्पनाच नव्हती. पुढे नोकरी, संसार, मुले, सासूबाईंचे आजारपण. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तिसऱ्यांदा पहिली आली, त्या २०१४ च्या जानेवारीत मी पोळ्या लाटता लाटता टीव्ही पाहत होते आणि लाटणे तसेच हातात धरून उभी राहिले होते. त्यानंतरही बूट घ्यायला मला कित्येक वर्षे लागली. आमच्या पिढीच्या बायका उशिरा येतात, कारण त्यांना निघूच उशिरा दिले गेले. त्या शर्यतीतही उशिरा पोहोचतात. त्यांना अडीच तासांचा नियम दाखवताना याची आठवण ठेवावी, एवढे माझे मागणे आहे.

पुढची बैठक येत्या रविवारी लाँग रननंतर त्याच जागी आहे. साडेतीन तासांची मर्यादा, शेवटच्या माणसापर्यंत पाणी-मीठ-रुग्णवाहिका आणि नोंदणी जितकी तितकीच पदके, असे तीन मुद्दे मी लेखी देणार आहे. आपल्यापैकी जे कोणी कुठल्याही स्पर्धेत शेवटच्या शंभरांत आले असतील त्यांनी आपला अनुभव खाली सविस्तर लिहावा. मी तो छापून सोबत घेऊन जाईन.