बास बोटीचा भाव: ‘कलमवार कोटेशन हा वेळेचा अपव्यय’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नव्या बास बोटीचा (बास मासा पकडायच्या वेगवान बोटीचा) भाव कसा ठरवावा या लेखावर तुम्ही मनापासून आणि कडक लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक डीलरकडून कलमवार कोटेशन मागवण्यात आठवडे जातात, त्यापेक्षा सगळ्यात कमी आकडा दुसऱ्यापुढे ठेवावा, तो खाली आला तर ठीक, नाहीतर पाचशे मैलांवरून बोट ओढून आणावी. जवळच्या डीलरचा माझा आग्रह तुम्हाला डीलरधार्जिणा वाटला. शिवाय एकाच १९ फुटी, २०० अश्वशक्तीच्या फायबरग्लास बोटीची दोन कोटेशनं दिलीत, ५४,९०० आणि ५८,३०० डॉलरची, आणि विचारलंत की ३,४०० डॉलर जास्त का मोजायचे?

तुमच्याच दोन कागदांपासून सुरू करू. पहिल्यावर ‘फ्रेट आणि प्रेप वेगळे’ (म्हणजे बोट डीलरपर्यंत आणायचं भाडं आणि ती तयार करून द्यायचा खर्च वेगळा) असं लिहिलंय, दुसऱ्यात ते धरलेलं आहे. पहिल्यात ट्रोलिंग मोटर (मासेमारी करताना बोट हळू हलवणारी विजेची मोटर) २४ व्होल्टची, ८० पौंड थ्रस्टची, म्हणजे ढकलण्याच्या जोराची आहे. दुसऱ्यात ३६ व्होल्टची, ११२ पौंडांची. पहिल्यात ९ इंची सोनार (पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारा स्क्रीन) फक्त कन्सोलवर, म्हणजे चालकासमोर, दुसऱ्यात पुढच्या डेकवरही. म्हणजे हल (बोटीचं मूळ धड) एकच, पण बोटी दोन. ‘२४ चं ३६ नंतर करून घेऊ’ हा विचार महागात पडतो. सहसा मोटरच बदलावी लागते, तिसरी बॅटरी येते, तिला जागा करावी लागते आणि चार्जरही बदलतो. हे सगळं सुटं घ्यायला गेलात तर काय पडेल याची बेरीज आधी करा, त्यात फ्रेट-प्रेप मिळवा, आणि मग ३,४०० पैकी काय उरतं ते बघा.

वेळेचं म्हणाल, तर एकच ईमेल पुरतो. यादी तुम्ही करायची, डीलरने फक्त आकडे भरायचे: हल आणि मॉडेल वर्ष, इंजिनचं पूर्ण मॉडेल, प्रॉप (इंजिनचा पंखा), ट्रेलरला एक अ‍ॅक्सल की दोन, ब्रेक आणि स्पेअर टायर आहे का, ट्रोलिंग मोटर, सोनार, बॅटऱ्यांचा प्रकार आणि संख्या, चार्जर, फ्रेट, प्रेप, कागदपत्रांची फी, कर, नोंदणी. शेवटी एकच आकडा, बोट दारात येईपर्यंतचा. ज्याला तो लेखी द्यायचा नाही, त्याच्याकडे घासाघीस कशावर करणार? तीन डीलरांकडून अशी यादी भरून आली की तुमची युक्ती खरंच चालते. तेव्हा कमी आकडा जरूर दाखवा.

आणखी एक आकडा मागा, तो बहुतेक जण मागत नाहीत: हलचा ओळख क्रमांक, म्हणजे एचआयएन. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ तो असतो. अक्षरं-आकडे मिळून १२. पहिली तीन अक्षरं उत्पादकाची. शेवटच्या चार जागा मात्र तुमच्या कामाची. समजा शेवट ‘एच४२५’ असा आहे. ए म्हणजे जानेवारी, म्हणून एच म्हणजे ऑगस्ट. ४ म्हणजे २०२४. आणि २५ म्हणजे मॉडेल वर्ष २०२५. बोट यार्डात किती महिने उभी आहे याचा अंदाज तिथेच लागतो. डीलर बहुधा फ्लोअर प्लॅनच्या कर्जावर माल भरतो. बोट जितकी जास्त दिवस पडून, तितकं व्याज त्याच्या अंगावर चढत जातं. नवीन मॉडेल वर्ष आलं की जुनी बोट काढायची घाई त्याला असते. जोर तिथे लावायचा. फक्त इंजिनची वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होणार, हे लेखी घ्या.

तुमचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि मूळ लेखात तो मी पुरेसा ठळक केला नव्हता. प्रेप आणि कागदपत्रांची फी हे डीलर स्वतः ठरवतो. फ्रेट खरा खर्च असतो, पण प्रेपमध्ये नेमकं काय करणार हे विचारायला अजिबात संकोच करू नका. आणि जिथे भाव ठरलेलाच असतो, जसं ट्रॅकर या कंपनीच्या बोटींना, तिथे हलच्या किमतीवर डोकं फोडण्यात अर्थ नाही. तिथे बदल्यात द्यायच्या तुमच्या जुन्या बोटीची किंमत, बॅटऱ्या आणि पहिली सर्व्हिस यांवर बोला. बऱ्याच राज्यांत जुनी बोट दिली तर कर फक्त फरकावर लागतो, कॅलिफोर्नियात नाही. दुसऱ्या राज्यातून बोट आणली म्हणून करही सहसा चुकत नाही. नोंदणीच्या वेळी तुमचं राज्य तो घेतं.

कर्जाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण पैसा तिथेच जास्त गळतो. ६०,००० डॉलर, १५ वर्षं, ८ टक्के: हप्ता ५७३ डॉलर. तेच ८.७५ टक्क्यांनी: जेमतेम ६००. महिन्याला साधारण २६ डॉलर काहीच वाटत नाहीत, पण १५ वर्षांत ते ४,७०० च्या वर जातात. किमतीत २,००० सोडणारा डीलर व्याजाच्या दरात ते परत घेऊ शकतो. म्हणून बँकेचा किंवा क्रेडिट युनियनचा (सहकारी पतसंस्थेचा) दर आधी हातात ठेवा, आणि किंमत ठरेपर्यंत हप्त्याची भाषाच करू नका.

आता पाचशे मैलांचं. बास बोटीत कारखान्याइतकंच काम डीलरच्या शेडमध्ये होतं. ते बघायचं तर मागचं हॅच उघडा, टॉर्च मारा आणि हात घालून बघा. ट्रोलिंग मोटरच्या ३६ व्होल्टच्या लाइनवर ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीजवळ आहे का? वायर ६ गेजची आहे की बारीक? बारीक असली तर व्होल्टेज कमी पडतं आणि मोटर पूर्ण जोर देत नाही. एकाच बॅटरीच्या टोकावर वायरींच्या सात-आठ रिंगा एकमेकींवर रचल्या असतील, तर वरची सैल होते आणि सोनार ऐन इंजिन स्टार्ट करताना बंद पडतो. सोनारची पॉवर वायर इंजिनच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधली असेल, तर स्क्रीनवर रेघा येतात. अशा तक्रारी पहिल्या दहा-वीस तासांतच निघतात. त्यासाठी पाचशे मैल ट्रेलर ओढायचा का, याचा हिशोब मांडा. घराजवळचा दुसरा डीलर वॉरंटीचं काम घेईलही, पण वसंतात त्याच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांची रांग आधी असते. त्याच्याकडे आधीच विचारून ठेवलं असेल, तर लांबून आणायला माझी हरकत नाही.

आणि शेवटचा चेक पाण्यावरच्या चाचणीनंतरच द्या. टाकी भरलेली, दोन माणसं, सामान चढवलेलं, पूर्ण थ्रॉटल. इंजिनच्या पुस्तिकेत दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात वरच्या बाजूला काटा गेला पाहिजे. कमी पडला तर प्रॉपचा पिच (एका फेरीतली पुढची चाल, इंचांत) जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. प्रॉप बदलून देणं हे डीलरचं काम, आणि करारात तसं लिहून घ्या.

तुमच्या दुसऱ्या कोटेशनमध्ये एक गोष्ट मात्र मला खटकली. मोटर ३६ व्होल्टची आहे, पण चार्जर तीन बँकचा, म्हणजे तीनच बॅटऱ्या चार्ज करणारा लिहिलाय. तीन बँक ट्रोलिंगच्या तीन बॅटऱ्यांतच संपल्या, इंजिन स्टार्ट करणारी चौथी उपाशी राहणार, आणि दोन सोनार दिवसभर तिच्यावरच चालणार. सही करण्याआधी तिथे चार बँकचा चार्जर लिहून घ्या, त्याच किमतीत.